हळदीच्या कापडावरचा लाल पंजा

चिंचदऱ्याच्या माळावर त्या गुरुवारी सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. धारूरच्या घाटाखालचं हे गाव एरवी इतकं सुस्त, की तेलगावहून येणारी एसटी इथं थांबली तर लोक चौकशी करतात काय झालं म्हणून. पण गेले चार महिने दर गुरुवारी ऑटो, टेम्पो आणि मोटारसायकलींनी माळ भरून जात होता. माळावरच्या आसरांच्या देवळाशेजारी शहादेव महाराज प्रकट झाले होते. प्रकट होण्याआधी ते बीडच्या बसस्टँडसमोर एका कोचिंग क्लासची पत्रकं वाटत, पण एवढा तपशील भक्तांनी मोठ्या मनाने पोटात घातला होता.

महाराजांचा हातखंडा एकाच गोष्टीत होता, बाळंतिणी. गुडघेदुखी, कोर्टकचेरी, अडलेली बदली असल्या किरकोळ कामांना ते हात लावत नसत. बाळंतपणानंतर ज्या बाईला रडू आवरत नाही, झोप लागत नाही, पोटचं लेकरू परकं वाटतं, तिला पाण्यातल्या साती आसरांनी धरलेलं असतं आणि तिला सोडवायची विद्या पृथ्वीतलावर फक्त इथंच मिळते, असं मंडपाच्या कमानीवर रंगवलेलं होतं. कमानीवर महाराजांचा फोटो होता आणि त्याच्या दुप्पट मोठा राधाकिशनराव आबांचा, हात जोडलेला. माळ आबांचा, मंडप आबांचा, स्पीकर आबांचा, आणि जिल्हा परिषदेची निवडणूकही आबांनाच लढवायची होती.

गर्दीच्या मागे, खांद्याला पिशवी अडकवून गावची आशाताई वनमाला उभी होती. अकरा वर्षं ती घरोघर जाऊन बाळांची वजनं करत होती. तिच्या पिशवीत ताणकाटा होता, थर्मामीटर होता, लोहाच्या गोळ्या होत्या. चमत्कार पाहायची तिला हौस नव्हती. ती आली होती मोहिनीसाठी.

मोहिनी म्हणजे धुळाजी मेंढपाळाची सून. धुळाजीचा मेंढरांचा वाडा वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरता. कुणाच्या शेतात चार रात्री मेंढरं बसवायची, मग पुढचं शेत. मोहिनीचं बाळंतपण तेलगावच्या दवाखान्यात नीट झालं. मुलगी झाली, वजन चांगलं भरलं. पण पाचव्या दिवशी वाडा नेमका वाटेत होता. पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते, तेव्हा पूजा चुकवून चालत नाही. घर नाही, अंगण नाही, म्हणून सासू साखराबाईने ओढ्याकाठी दगड मांडून पूजा उरकून घेतली. फिरस्त्या माणसांनी दुसरं काय करावं?

पुढे वाडा चिंचदऱ्याच्या शिवारात उतरला, मुलगी पंधरा दिवसांची झाली आणि मोहिनीचं बिनसलं. आता चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे बाळ माझं नाही, माझं कुणीतरी बदललं, असं ती पुटपुटायची. परवा सकाळी ती मुलीला घेऊन विहिरीच्या काठावर उभी सापडली. नवरा अंगद धावत गेला म्हणून दोघी वाचल्या. आरडाओरडा ऐकून आलेल्या वनमालाने तिथूनच १४४१६ या सरकारी मदतक्रमांकावर फोन लावला होता. पलीकडची बाई मराठीत स्वच्छ बोलली: हा आजार आहे, बरा होतो, पण थांबू नका, आजच दवाखान्यात न्या, आई आणि बाळ दोघींना क्षणभरही एकटं सोडू नका.

वनमालाने ते सगळं साखराबाईला सांगितलं. साखराबाई म्हणाली, "ताई, डोस्क्याचे डाक्तर मोठ्या लोकान्ला असत्यात. बीडला आमाला कोन वळखतं? आन आबांची सायली बी अशीच झालती की. तिला म्हाराजांनीच बरं केलं. आबांसारख्या मान्साला दवाखाना परवडत नव्हता व्हय?"

सायलीचं वनमालाला एवढंच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी आबांची सून सायली बाळंतपणानंतर महिनाभर कुणाला दिसली नव्हती. माहेरी गेली, असं घरातून सांगण्यात आलं. चार महिन्यांपूर्वी महाराज माळावर आले आणि त्यांच्या पहिल्याच सभेत आबांनी माइकवरून जाहीर केलं की सायलीला याच महाराजांनी, गुप्तपणे, पूर्वाश्रमी बरं केलं. आता सायली दर गुरुवारी पहिल्या रांगेत, दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन, चालतंबोलतं प्रमाणपत्र म्हणून बसवली जात होती.

"भक्तांनो," महाराज माइकवर आले, "विज्ञान कुठे संपतं? हॉस्पिटलच्या गेटवर संपतं. आणि आसरा कुठे सुरू होतात? जिथे पाणी आहे तिथे. माणसाच्या शरीरात पाणी किती? सत्तर टक्के. म्हणजे माणसात आसरा किती?"

"सत्तर टक्के," पुढच्या रांगेतून दोघे-तिघे म्हणाले. महाराजांनी हे गणित बरोबर धरलं.

मग त्यांनी मोहिनीला पुढे बोलावलं. अंगदने तिला दंडाला धरून आणलं. केस सुटलेले, नजर कुठेच ठरत नव्हती. मुलगी साखराबाईच्या कडेवर भुकेने किरकिरत होती. महाराजांनी पाचवी कुठे पुजली ते विचारलं, आणि ओढ्याकाठी हे उत्तर ऐकून डोळे असे मिटले की जणू कुणी त्यांच्याच पायावर धोंडा टाकला.

"तिथेच घात झाला. सटवाई लिहायला आली. ओढ्यातून आसरा वर आल्या. सटवाईचा बोरू हिसकावला. बाळाच्या कपाळावर अक्षर उमटलंच नाही. मग आईने बाळ ओळखायचं कशावरून?"

गर्दीतून हळहळीचा सुस्कारा निघाला. धुळाजीने मान खाली घातली. वनमालाला वाटलं, या माणसाने कोचिंग क्लास सोडला ही त्या क्लासची केवढी मोठी हानी झाली.

आता चमत्कार. दोन चेल्यांनी लाकडी चौकटीवर ताणलेलं, हळदीत भिजवलेलं ओलं पिवळं कापड आणलं. यजमान म्हणून चौकटीचा एक कोपरा धरायचा मान आबांचा. आबा तंबाखूची गोळी गालात सारून, हात धोतराला पुसून उभे राहिले. महाराजांनी आधी साखराबाईचे हात पितळेच्या गडव्यातल्या तीर्थाने धुतले आणि तिचा पंजा कापडावर टेकवला. कापड पिवळं ते पिवळंच. "ही स्वच्छ आहे." मग तांब्याच्या गडव्यातलं तीर्थ मोहिनीच्या हातावर सोडलं आणि तिचा पंजा टेकवला. हात उचलला तसा पिवळ्यावर लालभडक पंजा उमटला, पाचही बोटं शाबूत.

माळभर कालवा उठला. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल वर धरले. महाराजांनी लिंबू कापलं आणि लाल पंजाच्या करंगळीवर दोन थेंब पिळले. करंगळी पाहता पाहता परत पिवळी झाली.

"एक आसरा सुटली," महाराज म्हणाले. "सहा राहिल्या. देवळामागच्या खोलीत सोळा दिवस बंदोबस्त करावा लागेल. अन्न बंद, फक्त दूध. दोन वेळा मिरचीची धुरी. बाळ आईजवळ द्यायचं नाही. दाराला बाहेरून कडी."

मोहिनीला बाहेरून कडी. विहिरीच्या काठावरून ओढून आणलेल्या बाईला, उपाशी, धुरात, सोळा दिवस एकटं. त्या खोलीतून सोळा दिवसांनी काय बाहेर काढावं लागेल ते वनमालाला दिसत होतं. त्यात तिला स्वतःचाही राग होता. चौदाव्या दिवशी ती बाळाचं वजन करायला गेली, तेव्हा मोहिनी हळूच म्हणाली होती, ताई, मला झोपच येत न्हाई. आणि वनमाला काय म्हणाली? लहान लेकरू हाय, कशी येईल झोप. असं म्हणून तिने बाळाचं वजन वहीत लिहिलं आणि उठून निघून गेली.

ती गर्दीतून वाट काढत पुढे सरकली. पुढे जाऊन काय बोलायचं ते तिला अजून ठाऊक नव्हतं. चौकटीपाशी पोचली तेव्हा तिची नजर कापडाच्या कोपऱ्यावर पडली. तिथे, आबांच्या हाताखाली, लाल ठिपके होते. एक मोठा, अंगठ्याएवढा, आणि शेजारी एक लहान. मोहिनीचा हात तर मधोमध टेकला होता.

वनमालाने आबांच्या हाताकडे पाहिलं. तंबाखूला चुना लावून मळता मळता अंगठ्यावर राहिलेली पांढरी रेघ तशीच होती. तिला एकदम हसू फुटलं, आणि ते तिने ओठ दाबून आत ठेवलं.

"म्हाराज, जरा इचारते," ती म्हणाली. "हा लाल डाग कुणाचा?"

"मागे व्हा ताई, बंदोबस्त चालू आहे."

"न्हाई, कोपऱ्यातला म्हणते मी. आबांच्या अंगठ्याखालचा."

आबांनी वाकून पाहिलं. "कुठं हाय?" असं म्हणत त्यांनी तो पुसायला अंगठा फिरवला, आणि ठिपक्याचा चांगला वीतभर पट्टा झाला. त्यांनी दचकून दुसरा हात लावला. हाही तंबाखू मळलेलाच तळहात. तिथेही लाल.

"आबा," वनमाला गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुमी कवा बाळंत झाला? आमाला बोलावलं बी न्हाई."

पहिल्यांदा बायकांच्या बाजूने खसखस पिकली. मग पुरुषांच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "आबांची पाचवी कुठं झाली बे?" आणि माळ हसण्याने हलला. महाराज माइकवर घसा खाकरून म्हणाले, ही सहानुभूतीची लहर आहे, यजमानांना व्हायब्रेशन लागतं.

"व्हायब्रेशन न्हाई, चुना हाय," वनमाला म्हणाली. तिने धुळाजीकडे वळून विचारलं, "मामा, मेंढराचा पाय मुरगळला तर काय लावता?"

धुळाजी गोंधळला. "हळद आन चुना."

"आन लावताना तुमचा हात कसा व्हतो?"

धुळाजीने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, मग कापडाकडे, मग तांब्याच्या गडव्याकडे. "लाल," तो म्हणाला. आणि मग जास्त हळू आवाजात, "लाल व्हतो की. जल्म गेला माजा ह्यात."

वनमालाने तोच तांब्याचा गडवा उचलला. महाराजांचा चेला हात पुढे करेपर्यंत तिने त्यातलं तीर्थ स्वतःच्या, साखराबाईच्या आणि समोर बसलेल्या वनखात्याच्या रखवालदाराच्या हातावर सोडलं. तिघांचे पंजे कापडावर लाल उमटले. तिने लिंबू पिळलं, तिघांच्याही आसरा एका दमात सुटल्या. "चुन्याची निवळी हाय ही. चुना तळाला बसवून वरचं पानी गडव्यात भरलं, दिसायला साधं पानी. हळदीवर पडलं की लाल, लिंबू पिळलं की पुन्ना पिवळं. बायांनो, हळद लागलेली साडी साबणात टाकली की लाल व्हती का न्हाई? तवा तुमी कुणाचा बंदोबस्त करता?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रत्येकीने आपल्या लग्नातली साडी धुतली होती. हे गुपित त्यांच्या सगळ्यांच्या मोरीत वर्षानुवर्षं पडून होतं.

महाराजांचं तोंड तरीही बंद पडलं नाही. म्हणाले, रंग हा फक्त संकेत, खरा पुरावा कृपेचा. आबांना हे वाक्य बुडत्याला फांदी मिळावी तसं सापडलं. त्यांनी माइक ओढून घेतला.

"चुना आसंल न्हाईतर हिंग. माजी सून बरी झाली का न्हाई? ही बघा बसलीया. ती कशानं बरी झाली मग?"

सवाल चांगला होता. हसणं थांबलं. साखराबाईने मोहिनीचा हात परत घट्ट धरला आणि देवळामागच्या खोलीकडे पाहिलं. वनमालाच्या लक्षात आलं की चुन्याचा खेळ मोडून काहीच झालं नाही. धुळाजीच्या घराचा महाराजांवर विश्वास नव्हताच. त्यांचा विश्वास होता सायलीवर.

सायली बसल्या जागी मोहिनीकडे पाहत होती. मोहिनी एका हाताच्या नखांनी दुसऱ्या हाताचं मनगट ओरबाडत होती, रक्त निघेपर्यंत. सायलीने मुलाला शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि उभी राहिली. पदर सावरला. माइक तिला कुणी दिला नाही, तिने मागितलाही नाही.

"मी गोळ्यांनी बरी झाले," ती म्हणाली.

"सायली, खाली बस," आबा म्हणाले.

"मामा, दोन वर्सं बसले. मला संभाजीनगरला नेलं व्हतं. काळ्या काचांच्या गाडीतून, घरातल्या घरात गाडीत बसवून. सव्वा महिना दवाखान्यात व्हते. मला बी माझं लेकरू दुसऱ्याचं वाटायचं. कानात कुणीतरी बोलायचं. ह्या म्हाराजाला मी पहिल्यांदा पाह्यलं ते ह्याच मांडवात."

आबा खालच्या आवाजात म्हणाले, "घराची इज्जत असती काही."

"हाय ना. मी वाचले त्यात मला आनंद हाय. तुमी मला लगोलग नेलं, तुमचे उपकार मी इसरणार न्हाई." तिने मोहिनीकडे बोट केलं. "पण मला डाक्तर आन हिला लिंबू, हे कावून, मामा? माझा जीव जीव, आन मेंढरं वळणारीचा काय?"

आबांनी माइक खाली ठेवला. या सवालाचं उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं, आणि ते इतकं जुनं होतं की कुणाला उच्चारायची गरज पडत नव्हती.

सायली पहिल्या रांगेतून मोहिनीपाशी आली. "गाडी तीच हाय," ती अंगदला म्हणाली. "तिला मागं बसवा. मी संगं येते. ताई, तुमी बी चला." आबांच्या ड्रायव्हरने आबांकडे पाहिलं. समोर सहा-सातशे मतदार आबांकडे पाहत होते. आबांनी हात जोडले, कमानीवरच्या फोटोत जोडले होते तसेच, आणि म्हणाले, "जनसेवेसाठी गाडी कवाबी हाजीर हाय." शहादेव महाराजांना नेमकं तेव्हाच आठवलं की अकरा वाजता त्यांचा धारूरला कार्यक्रम आहे. ते दोन्ही गडवे विसरून मोटारसायकलवर बसले.

बीडच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची डॉक्टर तरुण होती. तिने मोहिनीला लगेच दाखल करून घेतलं. औषध सुरू झालं, आणि मुलीला घेऊन साखराबाई कॉटशेजारीच राहिली. डॉक्टर म्हणाली की इतका तीव्र त्रास हजारात एक-दोघींना होतो, पण मन खचणं, सतत रडू येणं हे मात्र पाच-सहा बाळंतिणींमागे एकीला होतं, बंगल्यात आणि पालावर सारखंच. फरक फक्त एवढाच, की कुणाला वेळेवर गाडी मिळते आणि कुणाला धुरी. आणि इथे उपचाराला ओळख लागत नाही, असं ती साखराबाईकडे बघून मुद्दाम म्हणाली.

धुळाजी दाराशी उकिडवा बसून ऐकत होता. मग तो बोलला. "डाक्तरीणबाई, आमच्यात एखादी मेंढी विते, आन पिलाला जवळच घेत न्हाई. शिंगं मारती. आमी तिला मारत न्हाई, कोंडत न्हाई. चार दिस तिला धरून ऱ्हातो, पिलू पाजतो, चारापाणी तिच्या म्होरं ठिवतो. मंग घेती ती." तो जमिनीकडे बघत राहिला. "मेंढीला कुणी लागलं म्हणून मी कवाच म्हटलं न्हाई. सुनेला म्हटलं. लई चुकलं माजं."

साखराबाई पदराने डोळे पुसत राहिली.

मोहिनी चौथ्या दिवशी सलग सात तास झोपली. अठराव्या दिवशी तिने आपणहून मुलगी मागून घेतली. वनमाला तेव्हा तिथे होती आणि तिला रडू आलं, हे ती कुणालाही सांगते, लपवत नाही. पाच आठवड्यांनी मोहिनी गोळ्यांची पिशवी घेऊन वाड्यावर परतली. डॉक्टरने वाड्याच्या वाटेवर कुठल्या कुठल्या गावी ही औषधं मिळतील ते कागदावर लिहून दिलं होतं.

आल्या दिवशी गावातल्या बायका तिला पाहायला जमल्या. पाहायला म्हणजे कसं, पिंजऱ्यातून सुटलेलं काही पाहावं तसं. सगळ्या चहा प्यायल्या, मुलीचं जावळ पाहिलं, आणि शेवटी तुळजाबाई नावाच्या म्हातारीने मनातलं विचारलंच, "पर मोहिने, खरं सांग, तुला लागलं व्हतं तरी कोन?"

मोहिनी मुलीला पाजत होती. तिने मान वर केली.

"कुणीबी लागलं न्हवतं, आजी. मी आजारी व्हते. मांडवात तुमी सगळ्या माझ्याबद्दल बोलत व्हता ते मला समदं ऐकू येत व्हतं. नुसतं बोलता येत नव्हतं. तितं म्हाराजाला माझ्याबद्दल इचारलं, आबान्ला इचारलं, आत्यान्ला इचारलं. मला कुणीच इचारलं न्हाई."

दाराच्या आडोशाला बबिता बसली होती, शेजारच्या पालावरची, सातवा महिना लागलेला. मोहिनीने तिच्याकडे पाहिलं.

"बबिते, लेकरू झाल्यावर तुला झोप आली न्हाई, जीव नकोसा वाटला, लेकरू नकोसं वाटलं, तर लाजू नको. मला सांग. नवऱ्याला सांग, वनमालाताईला सांग, आन त्याच दिशी दवाखान्यात जा. माझ्यावानी विहिरीपत्तुर जाऊ नको."